बोलीची किंमत

दोन-दोन भिडूंच्या दोन जोड्यांनी खेळायच्या ब्रिज या पत्त्यांच्या खेळात एका खेळाडूच्या हाती येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे प्रकार आहेत 63,501 कोटी 35 लाख 59 हजार 600. त्या पानांविषयी भिडूला सांगायला शब्द किती, तर 38. एक ते सात अशा पायऱ्या (सहाच्या वर किती हात करणार ते), प्रत्येक पायरीवर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नोट्रंप, म्हणजे बिनहुकूम, अशा झाल्या 35 बोली. त्यात पास, डबल आणि रिडबल. शिवाय बोली फक्त वर चढते. ओलांडलेली पायरी परत मिळत नाही, आणि समोरचे दोघे मध्ये काही बोलले की आपल्या वाट्याच्या आणखी दोन-तीन पायऱ्या गेल्याच.

एवढ्या तुटपुंज्या शब्दसंग्रहात दोन माणसांनी एकमेकांची पानं न बघता ठरवायचं असतं की हुकूम कोणता आणि हात किती करायचे. मला या खेळातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं असं कोणी विचारलं, तर मी बोलीचं नाव घेईन. स्क्वीझ, एंडप्ले हे सगळं पानं टेबलावर आल्यानंतरचं. त्याआधीच्या दोन मिनिटांत जे घडतं त्यावर माझा जीव आहे.

नवीन शिकणाऱ्यांना मी अधूनमधून शिकवते. सरळ बोली त्यांना लगेच पटते: 1 इस्पिक म्हटलं म्हणजे माझ्याकडे इस्पिकची पानं आहेत. अडखळतात ते संकेतांपाशी, म्हणजे आधी ठरवून वेगळाच अर्थ दिलेल्या बोलींपाशी. भिडू 1 नोट्रंप म्हणतो, त्यावर 2 किलवर म्हणायचं आणि आपल्याकडे किलवरची दोनच भिकार पानं असली तरी चालतं, हे ऐकल्यावर एक प्रश्न ठरलेला येतो. किलवर नाहीत तर किलवर म्हणायचंच कशाला? प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर नीट समजलं की बाकीचे शेकडो संकेत पाठ करायची गरज उरत नाही, असं माझं मत आहे.

म्हणून हा एक संकेत सावकाश बघू. भिडूने 1 नोट्रंपने सुरुवात केली आहे: 15 ते 17 गुण, पानं चारही रंगांत समतोल. (एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1, सबंध कॅटमध्ये 40.) माझ्याकडे इस्पिक राजा, गुलाम, 7, 3, बदाम राणी, 10, 8, 5, चौकट एक्का, 6, 4, किलवर 9, 2. दहा गुण. दोघांचे मिळून 25 ते 27, म्हणजे गेमला, जादा गुण मिळवून देणाऱ्या बोलीला, पुरेसे. पण कोणता गेम? 3 नोट्रंप केला तर नऊच हात लागतात. पण किलवरची बाजू माझ्याकडे उघडी आहे. भिडूकडेही तिथे फारसं नसेल, तर विरोधक किलवरचे पाच हात ओढून मोकळे होतील. आता समजा भिडूकडे बदामची चार पानं आहेत. मग बदाम हुकूम करता येतो, किलवरच्या तिसऱ्या पानाला मी मारते आणि विरोधकांचा तो रंग तिथेच थांबतो. चार-चार पानांच्या रंगाची गंमतच ही आहे. नोट्रंपमध्ये त्या रंगाचे फार तर चार हात होतात. तोच रंग हुकूम असला तर एका बाजूच्या हुकुमाने मारून पाचवा हात निघतो. नोट्रंपपेक्षा एक हात जास्त करायचा असतो, तो बहुतेक वेळा इथूनच येतो.

तर मला भिडूकडून एकच गोष्ट हवी आहे: बदाम किंवा इस्पिकची चार पानं आहेत का? हा प्रश्न 2 किलवर या बोलीने विचारतात. 2 चौकट म्हणजे नाहीत, 2 बदाम म्हणजे बदाम आहेत, 2 इस्पिक म्हणजे इस्पिक आहेत. उत्तर 2 चौकट आलं तर मी 3 नोट्रंप म्हणते, दुसरं काही आलं तर त्या रंगाचा चार. एवढंच.

यात दिलं काय? खरोखर किलवरच्या सहा पानांची दुबळी पानं आली, तर 2 किलवर म्हणून तिथेच थांबायची सोय दिली. पण ती सोय तशीही स्वस्तातलीच होती. किलवर हा सगळ्यात खालचा रंग, दोन-किलवरवर तुम्हाला निवांत खेळू देतील असे विरोधक भेटत नाहीत. ते दोन-बदाम नाहीतर दोन-इस्पिक म्हणून उठवतातच. म्हणजे जवळजवळ निरुपयोगी बोली देऊन त्या बदल्यात रोज लागणारा प्रश्न मिळवला. स्टेमन नावाचा हा 2 किलवरचा संकेत जगभर टिकला तो या हिशोबामुळे. सॅम स्टेमन यांनी 1945 मध्ये त्याविषयी लेख लिहिला म्हणून त्यांचं नाव लागलं. कल्पना मुळात त्यांचे भिडू जॉर्ज रपी यांची. इंग्लंडमध्ये जॅक मार्क्स स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. एकाच अडचणीवर विचार करणारी माणसं एकाच बोलीपाशी येतात, यात नवल नाही. रिकामी पायरी तीच होती.

या संकेताचा एक उपयोग मला विशेष आवडतो. पानं अगदी भिकार आहेत, पण इस्पिक चार, बदाम चार, चौकट पाच आणि किलवर एकही नाही. भिडूचा 1 नोट्रंप खेळू दिला तर मार ठरलेला. मग 2 किलवर विचारायचं आणि जे उत्तर येईल त्यावर गप्प राहायचं. तिन्ही उत्तरं चालतात. गेम शोधायला काढलेला प्रश्न इथे पळवाट होतो.

यानंतरचा संकेत ट्रान्सफर. भिडूच्या 1 नोट्रंपवर 2 चौकट म्हणजे माझ्याकडे बदामची पाच पानं आहेत, तू 2 बदाम म्हण. तसंच 2 बदाम म्हटलं की इस्पिक. ऑसवल्ड जेकबी यांनी 1956 मध्ये हा अमेरिकेत आणला. त्याआधी स्वीडनच्या ओले विलनर यांनी त्यावर लिहिलं होतं. फायदे दोन. डाव भिडू खेळतो, म्हणून त्याची बलवान पानं झाकलेली राहतात आणि पहिलं पान त्यांच्याकडे चालून येतं, डमीत, म्हणजे टेबलावर उघड्या मांडलेल्या हातात, पडतात ती दुबळी. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: भिडूने 2 बदाम म्हणणं सक्तीचं आहे, त्यामुळे मला आणखी एक पाळी हमखास मिळते. दुबळी असेन तर गप्प राहीन, मध्यम असेन तर 2 नोट्रंप, बलवान असेन तर दुसरा रंग दाखवीन. एकदा बोलण्याच्या किमतीत दोनदा बोलायला मिळतं. तोटा म्हणजे 2 चौकट खेळता येत नाही, आणि दुसरा, ज्याविषयी फार कमी बोललं जातं: भिडू विसरला तर 2 चौकटवर पास म्हणेल, आणि तुमच्या पाच-तीन बदामांऐवजी तीन-दोन चौकट हुकूम होऊन बसतील. सरळ बोली विसरता येत नाही. संकेत विसरता येतो, आणि तो धोकाही त्याच्या किमतीत धरायचा.

एक्के विचारायचा ब्लॅकवुड मात्र मला थोडा दूर ठेवावासा वाटतो, निदान शिकवताना. इंडियानापोलिसचे ईझ्ली ब्लॅकवुड विमा व्यवसायातले. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हा संकेत बसवला आणि टोपणनावाने एका ब्रिज मासिकाला पाठवला. मासिकाने तो छापला नाही. पुढे तोच सगळ्यात लोकप्रिय ठरला. 4 नोट्रंप म्हणायचं, उत्तर येतं: 5 किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, 5 चौकट एक, 5 बदाम दोन, 5 इस्पिक तीन. इतका सोपा की शिकल्यावर पहिला आठवडाभर माणूस दर डावात स्लॅम, म्हणजे बारा किंवा तेरा हातांची बोली, शोधत राहतो.

अडचण अशी, की हा संकेत एक्के किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. समजा हुकूम इस्पिक ठरलेला आहे, माझ्याकडे किलवरची दोन साधी पानं आहेत आणि एक एक्का आहे. विचारलं, भिडूने दोन दाखवले. म्हणजे एक बाहेर आहे. तो चौकटीचा असेल तर बारा हात सहज होतील. तो किलवरचा असेल आणि राजाही सोबत असेल, तर खेळ सुरू होण्याआधीच दोन हात गेले. मला उत्तर मिळालं, पण मला जे हवं होतं ते त्यात नव्हतं. अशा पानांवर सरळ आपल्या ताब्यातले रंग एकेक करून दाखवावेत. भिडूने 4 किलवर दाखवलं की कळतं, ती बाजू बंद आहे. वेळ लागतो, पण नेमकी ती गोष्ट कळते.

हुकूम किलवर असला की आणखी पंचाईत. स्लॅमसाठी भिडूकडे दोन एक्के हवेत, त्याने 5 चौकट म्हणून एक सांगितला. आता 5 किलवरवर परतायचं म्हटलं तर ती पायरी खाली राहून गेली. म्हणून 4 नोट्रंप म्हणायच्या आधी प्रत्येक संभाव्य उत्तर मनात म्हणून बघायचं आणि त्या-त्या वेळी आपण काय करू ते ठरवायचं. त्यातल्या एखाद्या जरी उत्तराला जागा नसेल तर प्रश्न विचारायचा नाही. आजचे बहुतेक स्पर्धक हुकमाच्या राजाला पाचवा एक्का धरतात आणि हुकमाच्या राणीचीही चौकशी करतात. सुधारणा खरीच मोठी आहे. पण उत्तर पेलणार आहे का, हे आधी तपासण्याचं काम त्यामुळे सुटत नाही.

आता डबल. या शब्दाचा सरळ अर्थ एवढाच: तुम्ही पडणार, म्हणजे बोललेले हात तुमचे होणार नाहीत, दंड दुप्पट करा. पण उजवीकडच्याने 1 चौकट म्हटल्यावर त्याला दंड करण्याइतकी चौकट माझ्याकडे असणार कधी? म्हणून 1910च्या दशकातच, कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्मायच्याही आधी, खेळाडूंनी खालच्या पायरीवरच्या डबलला वेगळं काम दिलं: भिडू, माझ्याकडे पानं चांगली आहेत, चौकट सोडून तुझा रंग सांग. हा संकेत इतका अंगवळणी पडला आहे की, ‘आम्ही संकेत वापरत नाही, सरळ खेळतो’ असं म्हणणारी मंडळीही तो दर बैठकीत वापरतात.

त्याचा पुढचा टप्पा 1957चा. ॲल रॉथ आणि टोबियास स्टोन या जोडीने भिडूच्या सुरुवातीनंतर विरोधक मध्ये बोलला तर त्यावरच्या डबललाही दंडातून मोकळं केलं. त्याच वर्षी रशियाचा उपग्रह आकाशात गेला होता, म्हणून या डबलला स्पुटनिक म्हणायला लागले. आज निगेटिव्ह डबल म्हणतात. भिडू 1 किलवर, विरोधक 1 इस्पिक, आणि माझ्याकडे बदाम चार, चौकट पाच, गुण आठ. 2 बदाम म्हणायला पाच पानं आणि दहाच्या आसपास गुण हवेत. गप्प राहिले तर बदामची जोडी कायमची हुकली. डबल म्हटलं की भिडूला कळतं: बदाम चार आहेत, काही गुण आहेत, बाकी तू बघ.

मला या संकेतात जो विचार दिसतो तो इतर कुठे इतका स्पष्ट दिसत नाही. कारण एका बोलीचा अर्थ बदलला आणि त्याबरोबर इतर सगळ्यांचे अर्थ सरकले. 2 बदाम आता जास्त नेमकं झालं, कारण चार पानं असती तर डबल म्हटलं असतं. आणि सगळ्यात मोठा बदल पासमध्ये झाला. माझ्याकडे इस्पिक राणी, गुलाम, 10, 9, 4 अशी असतील आणि 1 इस्पिकला खरंच दंड करायचा असेल, तर मला डबल म्हणताच येत नाही. मी पास म्हणते आणि वाट बघते. सुरुवात करणाऱ्या भिडूने आता विचार करायचा: माझ्याकडे इस्पिक तोकडे आहेत, विरोधकाचा जोडीदारही गप्प आहे, मग इस्पिक गेले कुठे? आणि त्याने स्वतः डबल म्हणायचं, जे मी पास करते. दंड मिळतो, पण दोघांनी मिळून, दोन पावलांत. ज्या जोडीने निगेटिव्ह डबल घेतला पण भिडूने परत डबल म्हणायची ही जबाबदारी घेतली नाही, त्यांनी अर्धाच संकेत घेतला, आणि अर्धा संकेत मुळीच नसण्यापेक्षा वाईट असतो. त्यांच्या हातून दंडही जातो आणि बदल्यात मिळायचं ते पूर्ण मिळत नाही.

काही संकेत तर एका विशिष्ट भिडूच्या स्वभावातून आले आहेत. कॅनडाचे एरिक मरे तिसऱ्या जागेवरून, म्हणजे आधीचे दोघे पास म्हटल्यावर, फार हलक्या पानांवर सुरुवात करत. त्यांचे भिडू डग्लस ड्रूरी आधी पास म्हणालेले, आता दहा-अकरा गुण आणि इस्पिकला पाठिंबा घेऊन बसलेले. उडी मारून वरची बोली करावी तर मरेंकडे काही नसायचं. ड्रूरींनी तोडगा काढला: पास म्हटलेल्या माणसाची 2 किलवर ही बोली म्हणजे प्रश्न, तुझी सुरुवात खरी आहे ना? भिडूच्या सवयीशी भांडत न बसता तिला जागा करून देणारा हा संकेत मला फार लोभस वाटतो.

या सगळ्या भाषेची एक अट मात्र मला खेळाच्या मुळाशी दिसते: ती उघडी असली पाहिजे. आपल्या जोडीने काय ठरवलं आहे ते संकेतपत्रिकेवर लिहिलेलं असतं, वेगळ्या अर्थाची बोली आली की भिडूने विरोधकांना सावध करायचं असतं, आणि त्यांनी विचारलं तर पूर्ण सांगायचं असतं. तुम्हाला जितकं ठाऊक, तितकं त्यांना ठाऊक असण्याचा हक्क आहे. इथे एक बारीक प्रसंग नेहमी येतो. मी 2 चौकट म्हणते, ट्रान्सफर म्हणून. विरोधक विचारतात, आणि भिडू शांतपणे सांगतो, ‘चौकट आहेत.’ मला आत्ताच कळलं की तो विसरला. नियम म्हणतो, ही माहिती मी वापरायची नाही. चेहरा हलवायचा नाही, आणि पुढची बोली अशी करायची जणू त्याने माझं म्हणणं बरोबर ओळखलं आहे. नंतर डाव आमचा झाला तर पहिलं पान पडण्याआधी चुकीचा खुलासा मी दुरुस्त करायचा. आम्ही बचावात असलो तर डाव संपेपर्यंत थांबायचं, कारण आधी बोलले तर तो भिडूलाच इशारा होईल. हे पाळणं सोपं नाही. डोळ्यांसमोर जोडी खड्ड्याकडे जात असते आणि तिला थांबवायला एक शब्द पुरेसा असतो. तो शब्द न उच्चारणाऱ्या खेळाडूंविषयी मला जो आदर आहे, तो कोणत्याही स्लॅमपेक्षा मोठा आहे.

बोलीचे फलक एका डबीत घालून टेबलावर ठेवण्याची पद्धत स्वीडनमधून आली, तिने आवाजातले चढ-उतार संपवले. 1975च्या बर्म्युडा बोल या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेपासून भिडूंच्या मध्ये आडपडदा आला. त्याच स्पर्धेत टेबलाखाली पायांनी खुणा केल्याचा आरोप झाला, आणि मग खालची जागाही अडवावी लागली. संकेत कितीही गुंतागुंतीचा असो, तो उघड असला तर खेळाचाच भाग. आणि साधी खूण चोरून केली तर तिथे खेळ संपला. या रेघेबद्दल माझ्या मनात कधीच संभ्रम नव्हता.

माझ्या भिडूंची आणि माझी एक वही आहे. डाव्या पानावर संकेत, उजव्या पानावर ‘मध्ये कोणी बोललं तर’. डावी पानं भराभर भरली. खरा वेळ उजव्या पानांना लागला. भिडूच्या 1 नोट्रंपवर विरोधक 2 किलवर म्हणाला तर आमचा डबल म्हणजे स्टेमन, एवढं ठरलं. तो 2 चौकट म्हणाला तर? आमचा डबल ट्रान्सफर असावा की दंडाचा? बऱ्याच चर्चेनंतर दंडाचा ठरला, कारण भिडूंचं म्हणणं, ‘त्यांनी आपल्या 15 गुणांसमोर उडी मारली आहे, ती फुकट का जाऊ द्यायची?’ मला ते पटलं.

सध्या वाद चालू आहे तो लेबेनसोलवर. ज्या केन लेबेनसोल्ड यांच्यावरून हे नाव पडलं, त्यांनी तो आपला नाही असं सांगितलं, आणि नावातही एक अक्षर गळलं. तरी संकेत उत्तम आहे. भिडूच्या नोट्रंपनंतर विरोधक दोनच्या पायरीवर बोलला की आपली 2 नोट्रंप ही बोली भिडूला 3 किलवर म्हणायला लावते, आणि तिथून दुबळ्या पानांनी आपल्या रंगावर उतरता येतं. त्यामुळे सरळ तीनच्या पायरीवर बोललेला रंग बलवान ठरतो. मला तो हवा आहे. लढाईच्या बोलींत सध्या आम्ही दुबळे की बलवान हे भिडूला कळतच नाही. भिडूंचा आक्षेप असा, की यात सरळ 2 नोट्रंप जाते, म्हणजे आठ-नऊ गुणांवर ‘वरच्या टोकाला असाल तर गेम म्हणा’ असं विचारायचं आमंत्रण जातं, आणि आमच्या टेबलावर तशी पानं लांब रंगाच्या दुबळ्या पानांपेक्षा जास्त वेळा येतात. मी म्हणते, तशा पानांवर डबल म्हणता येईल. ते म्हणतात, डबल तर आपण दंडाला दिला आहे. म्हणजे उजवीकडचं ते पान पुन्हा उघडावं लागणार.